समुद्रकाठी म्हातारपण काढायचं असेल तर आधी एक पावसाळा काढा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर राहू द्या, रात्री जेवून निवांत वाचा. पण ज्यांनी कोकणात प्लॉट बघायला सुरुवात केलीय त्यांनी इसार देण्याआधी वाचावी, एवढी विनंती.

कोल्हापुरात साठीच्या आसपासची चार माणसं एकत्र बसली की हल्ली एक विषय निघतोच. रिटायर झाल्यावर मालवण, तारकर्ली, देवगड, गणपतीपुळे, कुठंतरी दोन-चार गुंठे घ्यायचे, जांभ्या दगडाचं छोटं घर बांधायचं, सकाळी वाळूत फिरायचं, दुपारी ताजा बांगडा. कोल्हापूरचा धूर, ट्रॅफिक, दर दोन-तीन वर्षांनी अंगणापर्यंत येणारी पंचगंगा, सगळ्यातून सुटका. मला हे स्वप्न अजिबात हास्यास्पद वाटत नाही. मी स्वतः २०२१ च्या दिवाळीपासून मालवण तालुक्यातल्या एका गावात राहतो, बायकोसह, भाड्याच्या घरात, बारा महिने. डिसेंबरात आठ दिवस येणाऱ्यांपैकी मी नाही. म्हणून दोन शब्द बोलायचा हक्क मिळालाय असं समजतो.

आधी जुना संबंध सांगतो. कोकण आपल्याला परकं कधीच नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण बंदर १८१२ पर्यंत करवीरच्या गादीकडे होतं, त्या वर्षीच्या तहात ते इंग्रजांकडे गेलं. आजही कोकणातला माणूस कपड्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, कॉलेजसाठी आणि मोठ्या दवाखान्यासाठी घाट चढून कोल्हापूरला येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत. म्हणजे कज्जा असो की काळजाचं दुखणं, तिकडचा माणूस घाट चढतो. आणि आपण आता नेमके उलटे, म्हातारपणी घाट उतरायला निघालोय. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आपण जे कोकण बघतो ते ऑक्टोबर ते मे या काळातलं असतं. मे महिन्याच्या शेवटी बोटिंग, स्कुबा, पॅराग्लायडिंग सगळं बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. ताजा बांगडा विसरा, तेव्हा सुका बांगडा आणि खाडीतलं जे मिळेल ते. निम्मी हॉटेलं कुलूप लावतात. गावातली माणसं मे महिन्यातच आगोटीची खरेदी करून मोकळी होतात: तांदूळ, मिरची, कोकम, सुकी मासळी, जळण. पडवीच्या पश्चिम बाजूला चुडतांची झड बांधतात, नाहीतर पाऊस आडवा येऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत पोचतो. आपल्याकडं शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावर तो तिप्पट पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत.

पहिल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी मला विचारलं होतं, "तुमी पावसात हंयच रवतलास?" मला वाटलं चेष्टा करतायत. खरं तर ते चौकशी करत होते. कारण त्यांच्या वाडीत घाटावरच्या लोकांनी बांधलेली सहा घरं आहेत आणि जूनमध्ये त्यातल्या एकाही घरात दिवा नसतो.

पावसाळ्यात काय होतं ते वस्तूंच्या भाषेत सांगतो. चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरशी. कपाटातल्या शर्टांना वास. खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, फ्रिजची मागची बाजू, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं गंजतं. घर बांधण्याचा खर्च एकदा होतो, ते टिकवण्याचा दरवर्षी होतो. अंगणातल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि सत्तरीतल्या माणसाला समुद्रापेक्षा त्या शेवाळाची भीती जास्त. खुब्याचं हाड मोडायला एक पाऊल पुरतं. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये विहीर तळाला जाते, कारण जांभ्यात पाणी थांबत नाही. किनाऱ्याजवळ बोअर जास्त उपसली की पाणी मचूळ लागतं, आणि मग आपल्यामुळं शेजाऱ्याचीही विहीर बिघडते.

पण हे सगळं सोसता येतं. सवय होते. मला त्याचं फार वाटत नाही. मला वाटतं ते पुढच्या गोष्टीचं.

२०२३ चा जुलै. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. लाईट गेलेली, मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपलेली, रेंज शून्य. रात्री एकच्या सुमारास आमच्या शेजारच्या काकींच्या छातीत दुखायला लागलं. वय ७६, घरात एकट्या, मुलगा विरारला. गावातला एक पोरगा रेंज मिळेपर्यंत मोटारसायकलवर चढणीला गेला. १०८ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली होती. शेवटी मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये गादी टाकून काकींना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं हातात होतं ते सगळं केलं आणि सांगितलं, पुढं न्या. तिथून गोवा. पोचेपर्यंत उजाडलं होतं.

काकी वाचल्या. आज त्या विरारला मुलाच्या वन रूम किचनमध्ये असतात. चाळीस वर्षं सारवलेल्या त्यांच्या घराला कुलूप आहे, आणि मागच्या वर्षी एका एजंटनं मुलाला फोन करून विचारलं, कोल्हापूरची पार्टी आहे, देणार का?

इथं थांबून विचार करा. कोकणातली तरुण पोरं पोटासाठी मुंबईला जातात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली, पण सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर आली आणि रत्नागिरीची जवळजवळ १७ लाखांवरून सव्वासोळा लाखांखाली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागं ११२२ बायका मोजल्या गेल्या, कारण पुरुष मुंबईत. हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी जे डोळ्यानं बघतोय ते वेगळं आहे. आता गावात उरलेली म्हातारी माणसंही जायला लागलीत, आणि ती दवाखान्यासाठी जातायत. शहरातला माणूस "निवांत म्हातारपणासाठी" जे घर विकत घेतो, ते घर बऱ्याचदा कुणाच्या तरी म्हातारपणाची सोय गावात झाली नाही म्हणूनच विकायला निघालेलं असतं. जो प्रश्न त्यांना सुटला नाही तो आपल्याला पैशानं सुटेल, असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल खास किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर लिहिला. एकेकाळी सुट्टीसाठी गाजलेली ती गावं. निवृत्त लोक तिथं राहायला जातात, तरुण बाहेर पडतात, आजार वाढतात, आणि डॉक्टर-नर्स मात्र गरजेच्या मानानं कमी, असा त्याचा सूर आहे. जिथं सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत आहे तिथली ही गत. आपण त्यातून शिकायला हवं.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. देशातला पहिला, असं अभिमानानं सांगतात. तेव्हापासून कामं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावतेय. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं. ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, ही सगळ्यांत मोलाची गोष्ट. पण एकूण विचार बघा. येणाऱ्या पाहुण्याची खाट मोजली जाते, दवाखान्यातली खाट मोजताना कुणी दिसत नाही. पर्यटक चार दिवसांचा असतो, आजारी पडला तर गाडी काढून घरी जातो. बारा महिने राहणारा माणूस, मग तो मालवणी असो की कोल्हापुरी, कुठं जाणार?

कोल्हापूरला येईल म्हणाल, तर घाट बघा. जुलै २०२१ मध्ये आंबा घाट खचला, अवजड वाहनं कित्येक दिवस बंद. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी महिनोन्‌महिने बंद राहिला आणि सगळी वाहतूक भुईबावडा, फोंडा घाटावर गेली. रेल्वेचं म्हणाल तर १८९१ मध्ये ती कोल्हापूरला आली आणि इथंच थांबली. कोल्हापूर-वैभववाडी हा १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला, आपण पेढे वाटले, आणि अजून त्यावरून गाडी धावलेली नाही. दुसरीकडं नागपूर ते गोवा ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या बागायती जमिनींवर मोजणीचे दगड रोवायची घाई. जो रस्ता कुणी मागितला नाही तो आधी, आणि ज्या घाटातून पेशंट येतो तो दर पावसाळ्यात रामभरोसे. हे बोलायला नको का?

लाईटचंही तसंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी झोपल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, मालवण-देवगडात खांब काड्यांसारखे पडले, काही वाड्यांत कित्येक दिवस अंधार होता. वादळं पुन्हा येणार. किनाऱ्यावरच्या वायरी जमिनीखालून न्यायच्या, किमान दवाखाने, पाण्याचे पंप आणि मोबाईल टॉवर यांच्यापुरत्या तरी, हे काम पर्यटनाच्या कुठल्याही सुशोभीकरणाआधी व्हायला हवं.

आता आपल्या बाजूचं बोलतो, कारण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे.

पहिली गोष्ट कागदाची. शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्यानं तुम्ही शेतकरी असायला हवं. "दाखला करून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून दोन हात लांब राहा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागू होतात, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात साधारण २०० मीटरच्या आत नवं घर बांधता येत नाही. "बीच टच" प्लॉटची जाहिरात बघितली की आधी हे आठवा. सामाईक सातबारावर पंधरा नावं असतील आणि त्यातली चार मुंबईत, दोन दुबईत, तर तुमचं उरलेलं आयुष्य सह्या गोळा करण्यात जाईल.

दुसरी गोष्ट पैशाची. हे स्वप्न सगळ्यांच्या खिशात बसत नाही हे मान्य करूया. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे ओतलेल्या कामगाराला ईपीएस ९५ ची पेन्शन मिळते, तिचं किमान २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. म्हणजे समुद्रकाठी राहायला येणारा आमचा वर्ग छोटा आणि नशीबवान आहे. नशीबवान माणसानं गावाकडं कमी मागावं आणि जास्त द्यावं.

तिसरी गोष्ट, आणि ही नवरेमंडळींनी नीट वाचावी. कोकणात घर घ्यायचं हा हट्ट आपल्याकडं बहुतेक पुरुषाचा असतो. कोल्हापुरात बायकोची भिशी असते, भजनी मंडळ असतं, बहीण दोन गल्ल्या सोडून असते, अंबाबाईला जायला मैत्रीण असते. तिचं ते सगळं तोडून आपण तिला समुद्र दाखवतो. आणि हिशेब असा आहे की बहुतेक जोडप्यांत मागं तीच राहते. तेव्हा "आपण दोघं तिथं किती मजेत राहू" हा प्रश्नच अपुरा आहे. ती पंच्याहत्तरीत, जुलै महिन्यात, लाईट नसताना, त्या घरात एकटी राहू शकेल का? याचं उत्तर तिच्याकडून घ्या, आणि ते प्लॉट बघायला जायच्या आधी घ्या. आमच्या घरी हा प्रश्न विचारला गेला, म्हणून कोल्हापूरचा फ्लॅट आम्ही विकला नाही आणि इथं भाड्यानं राहतो. ज्यांना दोन्ही घरं परवडत नाहीत त्यांनी तर कोल्हापूरचं घर विकायची घाई मुळीच करू नये.

चौथी गोष्ट वागण्याची. कंपाउंड घालताना समुद्राकडं जाणारी जुनी पायवाट अडवू नका. त्या वाटेनं मासळीच्या पाट्या घेऊन बायका पिढ्यान्‌पिढ्या जातायत. घर बांधून दहा महिने कुलूप लावायचं असेल तर बांधू नका, दोन आठवडे कुणाच्या तरी न्याहारी-निवासात उतरा, त्या घरात चार पैसे जातील. राहायचंच असेल तर मतदार यादीत नाव इथं लावा, घरपट्टी भरा, ग्रामसभेला जाऊन मागं गप्प बसा आणि वर्षभर फक्त ऐका. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर उभं राहिलं की गाव तुम्हाला "पाव्हणे" म्हणायचं हळूहळू सोडतं.

रत्नागिरीत समुद्राकडं तोंड करून तीस वर्षं काढलेला सगळ्यांत प्रसिद्ध माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८६ मध्ये इंग्रजांनी त्याला तिथं आणून ठेवलं, पुढं मोठा राजवाडा बांधून दिला, १९१६ मध्ये तो तिथंच गेला. समुद्र होता, वाडा होता, पेन्शन होती. पण तो तिथं पाहुणाही नव्हता आणि गावकरीही नव्हता. आपण स्वखुशीनं जातोय, आपल्यावर कुणाचा पहारा नाही. तरी उंच भिंतीच्या कॉलनीत राहून तसलंच म्हातारपण आपण आपल्या हातानं ओढवून घेऊ शकतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. "सिनियर सिटिझन सी-साइड टाउनशिप" आणि तिच्या गेटच्या आत चोवीस तास डॉक्टर, असली मागणी करू नका. ती मिळाली तरी फक्त आपल्याला मिळेल आणि काकी विरारलाच राहतील. मागायचं ते गावासाठी मागा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर असलेला डॉक्टर खरोखर हजर. ओरोसच्या कॉलेजात हृदयविकाराचा आणि डायलिसिसचा पूर्ण विभाग, रात्रीसुद्धा चालू. पावसाळ्यात किमान एक घाट पेशंटच्या गाडीसाठी कायम उघडा राहील अशी जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर. टॉवरला पुरेशी बॅटरी. यातली एकही गोष्ट पर्यटनाच्या आड येत नाही, उलट पर्यटकाचाही जीव त्यानंच वाचेल.

आपल्याकडं वेळ आहे, अर्ज लिहायची सवय आहे, ऑफिसात कुणाला भेटायचं ते कळतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट. ओरोसच्या कलेक्टर कचेरीत जायला तेवढं पुरतं. मालवणची, देवगडची, वेंगुर्ल्याची आणि घाटावरून आलेली म्हातारी माणसं एका अर्जावर सह्या करून गेली तर साहेबाला खुर्चीतून उठावं लागेल. आमच्या गावात या जूनआधी असा अर्ज करायचं ठरलंय. आतापर्यंत एकतीस सह्या झाल्यात, त्यातल्या पाच आम्हा घाटावरच्यांच्या.

आणि प्लॉटचं म्हणाल तर या वर्षी जूनमध्ये या. एक खोली भाड्यानं घ्या, गणपतीपर्यंत राहा. बुरशी बघा, अंधार बघा, रात्री समुद्राचा आवाज ऐका, तो डिसेंबरातल्यासारखा नसतो. एकदा ताप येऊ द्या आणि दवाखाना शोधा. त्यानंतरही राहावंसं वाटलं तर खुशाल या, वाडीत जागा आहे. आणि आलात की पहिल्या आठवड्यात सहीला माझ्याकडं या, अर्जाची झेरॉक्स ठेवलीय.